मायक्रॉन आणि चिमूट

बेळगावच्या उद्यमबागेत मिलिमीटरचा हजारावा भाग इकडेतिकडे झाला तरी जॉब रिजेक्ट होऊ शकतो. मायक्रोमीटर लावायचा, मालासोबत टेस्ट सर्टिफिकेट मागायचं, हे तिथलं रोजचं. हाच काटेकोर माणूस घरी येऊन मधुमेहावर काढा पितो. प्रमाण? ‘अंदाजानं.’ आत काय आहे? ‘सगळं झाडपाल्याचंच की!’ (धोतराही झाडपालाच, पण असो.) काढ्याच्या पुडीवर ना घटक, ना बॅच नंबर. असलं निनावी लोखंड फौंड्रीत आलं असतं, तर ट्रक गेटवरूनच परत गेला असता.

शहरात आयुर्वेदाचं कॉलेज आहे, पदवीधर वैद्य आहेत. पण ते प्रश्न विचारतात, पथ्य सांगतात. पुडीवाला काहीच विचारत नाही, म्हणून भरवसा त्याच्यावर. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. पण पुडीवाल्याला जाहिरात लागतेच कुठं? ते काम शिफ्टमधले सोबती फुकटात करतात.

साखर उतरली की श्रेय काढ्याला, चढली की दोष गोळ्यांना. डॉक्टरनं ‘आणखी काही घेता का?’ विचारलं, की उत्तर ठरलेलं: ‘छे हो!’

काढा प्यायचाच असेल तर प्या. पण पुढच्या तपासणीला जाताना ती पुडी खिशात घाला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.