पाटील (देत नाही)

जळगावात हिशेबाचं सॉफ्टवेअर दुकानदार निवडत नाही, पार्टटाइम अकाउंटंट निवडतो. हा गृहस्थ सकाळी दाणा बाजारात, दुपारी एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात आणि संध्याकाळी फुले मार्केटातल्या कापडदुकानात सापडतो. म्हणजे सापडला तर. खुर्चीवर टेकतो, चहा येईपर्यंत दोन-चार एन्ट्र्या मारतो, चहा आला की ‘बँक स्टेटमेंट काढून ठेवा’ असं सांगतो आणि उठतो. त्याला टॅली येते, म्हणून शेठला टॅली लागते. शेठने दुसरं काही आणलं, तर तो काही बोलत नाही. फक्त पुढच्या आठवड्यात येत नाही.

टॅलीचा जन्म १९८६ चा, बेंगळुरूचा. श्यामसुंदर गोएंकांना धंद्याला साजेसं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरतला, तूच एक तयार कर असं सांगितलं. आमच्याकडचा बाप मुलाला ‘गल्ल्यावर बस’ म्हणतो. नाहीतर सॉफ्टवेअरचं आणि खान्देशाचं नातं जुनंच आहे. विप्रो १९४५ साली आमच्या अमळनेरात सुरू झाली, फक्त तेव्हा ती वनस्पती तूप काढायची. पुढे कंपनी सॉफ्टवेअरकडे वळली, आम्ही तुपावरच राहिलो.

माझा धंदा एका टेबलाचा. लग्नपत्रिका, उद्घाटनाची निमंत्रणं आणि भावी नगरसेवकांचे वाढदिवसाचे बॅनर यांचं डिझाइन मी करतो. (वाढदिवस होऊन जातो, बिल राहतं.) नुसती सेवा देणाऱ्याला वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, आणि माझी उलाढाल त्या आकड्याला लांबूनच रामराम करते. तरी एका रात्री मोबाइलवर जाहिरात आली आणि मी ‘फ्री डेमो’वर बोट ठेवलं. सकाळी नऊला फोन.

‘सर, आपके गोदाम कितने हैं?’

मी टेबलाकडे पाहिलं. ‘एक.’

‘मल्टी-गोदाम में अपग्रेड करना चाहेंगे?’

त्यानंतर त्याने मला कच्चा माल, बॅच नंबर आणि एक्स्पायरी डेट विचारली. एक्स्पायरी बॅनरला असते, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी फक्त एवढंच विचारलं की, कंपनीने दहा टक्के टीडीएस कापून पैसे पाठवले तर बिल पूर्ण फिटलं असं दिसेल का, की उरलेले दहा टक्के जन्मभर बाकी दाखवेल. तो म्हणाला, सीनियरला विचारून सांगतो. सीनियर अजून विचारात असावेत.

दुकानदाराची गंमत याहून मोठी. आमच्या जिल्ह्यात केळीला जीएसटी शून्य, सोन्याला ३ टक्के, आणि डाळीचं तर पोत्यावर अवलंबून. २०२२ च्या जुलैपासून २५ किलोपर्यंतच्या छापील पाकिटातल्या डाळीला ५ टक्के, त्याहून मोठ्या पोत्याला काही नाही. डाळ तीच, शिजायला वेळही तेवढाच. हे सगळं सॉफ्टवेअरला एकदा नीट शिकवावं लागतं, आणि शिकवणारा चहा पिऊन गेलेला असतो. शिवाय ‘बिल पक्कं की कच्चं?’ हा इथला मूळ प्रश्न. त्याचं बटण कुठल्याही सॉफ्टवेअरला नाही. निदान डेमोत तरी दाखवत नाहीत.

धुळ्याला मामांचं हार्डवेअरचं दुकान आहे. तिथे सॉफ्टवेअर बसवण्याचं काम मामेभावाने काढलं, तेव्हा ‘तुला कॉम्प्युटरातलं कळतं’ म्हणून मलाही बोलावलं. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘हाई उधारी वसूल करस का रे पोऱ्या?’ एवढ्या फीचरांच्या यादीत ते नव्हतं. रिपोर्ट होते, रंगीत आलेख होते. कोणाकडे किती अडकलेत हे मामांना आलेखाविना पाठ होतं.

मग खाती उघडायची वेळ आली. सॉफ्टवेअरला प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं नाव लागतं. धुळ्यात तुम्ही पाटील टाकलं की पडदा भरतो. तेव्हा मामेभावाने वहीतलीच पद्धत चालवली: पाटील ट्रॅक्टरवाले, पाटील जुने, पाटील शिरपूर, पाटील (देत नाही). वहीत हे वर्षानुवर्षं सुखाने नांदत होतं, कारण वही मामांच्या मांडीवर असायची. सॉफ्टवेअरमध्ये मात्र व्हॉट्सॲपवर आपोआप आठवण पाठवायची सोय होती आणि ती चालू होती. महिनाअखेरीस ठरल्या वेळी निरोप गेला: ‘प्रिय पाटील (देत नाही), आपल्याकडे बाकी रक्कम येणे आहे. धन्यवाद.’

दुपारच्या आत बुलेट दुकानासमोर उभी राहिली. पाटलांनी नोटा काउंटरवर मोजून ठेवल्या, पावती घेतली, आणि नाव आपल्या डोळ्यांदेखत बदलायला लावलं. आता ते खातं ‘पाटील (दिले)’ असं आहे. पाटील गेल्यावर मामा बराच वेळ पडद्याकडे बघत होते. म्हणाले, ‘सॉफ्टवेअर चांगलं शे.’

यावरून तुम्ही खात्यांची नावं बदलू नका. एंट्री रोज कोण मारणार, हे मात्र सॉफ्टवेअर घेण्याआधी ठरवा, कारण मारणारा नसेल तर महागातलं सॉफ्टवेअरही जानेवारीतच थांबलेलं राहतं. आपला सगळा हिशेब एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का, हे डेमोवाल्याला दोनदा विचारा. क्विकबुक्स हे असंच एक सॉफ्टवेअर २०२३ मध्ये भारतातून निघून गेलं. ज्यांचे हिशेब त्यात होते त्यांना बिऱ्हाड हलवावं लागलं. माझ्यासारख्या एका टेबलाच्या माणसाने तर बिलाला ओळीने नंबर पडतात आणि टीडीएस वेगळा दिसतो, एवढं पाहून जे फुकट मिळेल ते घ्यावं. आणि कुठलंही घेण्याआधी आपल्या सीएच्या ऑफिसात काय उघडतं ते विचारा. फक्त महिन्याच्या ११ ते २० तारखेच्या मध्ये विचारू नका. एकीकडे जीएसटीआर-१ ची मुदत, दुसरीकडे ३बी ची. त्या दिवसांत ते फोन उचलत नाहीत.