पाऊस शेतावर, विमा मंडळावर

नाल्याकाठचं सोयाबीन चार दिवस पाण्यात उभं राहिलं, शेंगांना झाडावरच कोंब फुटले, पीक हातचं गेलं. वरच्या अंगाच्या शेतांत मात्र बऱ्यापैकी उतारा आला. अशा वेळी नाल्याकाठच्या शेतकऱ्याला पीकविम्याचा छदामही मिळत नाही. कारण खरीप 2025पासून राज्याने भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या महसूल मंडळाच्या सरासरीवर ठेवली.

त्याआधी स्थानिक आपत्तीत 72 तासांत ॲपवर किंवा फोनवर कळवलं की त्याच शेताचा पंचनामा व्हायचा. तो पर्याय काढून टाकला. पेरणीच न होणं, हंगाम मध्यावर बिघडणं, काढणीनंतर शेतात पडलेला माल भिजणं, हे सगळंच गेलं. वर एक रुपयाचा विमा बंद होऊन खरिपाला 2 टक्के हप्ता सुरू झाला. हप्त्याबद्दल तक्रार नाही. पैसे घेऊन संरक्षण कमी केलं, याबद्दल आहे.

एक रुपयाच्या विम्यात बोगस अर्ज झाले, हे खरं. देवस्थानाच्या आणि सरकारी जमिनींवरही विमे उतरवले गेले. पण त्यावर इलाज होता सातबारा, आधार आणि ई-पीक पाहणी यांचा मेळ घालण्याचा. सरकारने चोर सोडून संन्याशाला सुळी दिलं.

आणि मंडळाची सरासरी ज्याच्या खाली गेली तरच भरपाई मिळते, ते उंबरठा उत्पादन? मागच्या सात वर्षांतली चांगली पाच घ्यायची, त्यांच्या सरासरीचे 70 टक्के धरायचे. सरासरी हेक्टरी 10 क्विंटल असेल तर उंबरठा 7. सातांत दोनच वाईट वर्षं असतील तर ती वगळली जातात. तिसरं आलं की ते सरासरीत शिरतं आणि उंबरठा खाली येतो. म्हणजे हवामान जितकं बिघडेल तितकं विम्याचं कवच पातळ होणार. हे सूत्र पाऊस वेळेवर पडायचा त्या काळालाच शोभणारं आहे.

सप्टेंबर 2025मध्ये सीना नदीच्या पुराने धाराशिव-सोलापूरकडची शेतं मातीसकट खरडून नेली. विम्याची खरी गरज तेव्हा होती, आणि स्थानिक आपत्तीचं कलम त्याच हंगामात काढलेलं होतं.

कृषी खात्याने ते कलम परत आणावं आणि उंबरठ्याचं सूत्र बदलावं. शेतकऱ्यांनीही गावात आमदार आला की आधी हाच प्रश्न विचारावा.