होतकरू वीरांसाठी पोशाखसंहिता

जगाला संकटातून सोडवायला निघालेल्या माणसाने अंगावर काय घालावे, याचा फँटसी रोल-प्लेइंग खेळांत कुणी शिस्तीने विचार केलेला दिसत नाही. ड्रॅगन कसा मारावा हे समजावणाऱ्या व्हिडिओंना तोटा नाही. पण मारणाऱ्याच्या डोक्यावर जांभळी पिसे, अंगात पुजाऱ्याचा झगा आणि पायांत कुणा मेलेल्या दरोडेखोराचे बूट असतील, तर ड्रॅगनने कोणत्या तोंडाने मरावे? ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत संहिता सिद्ध केली आहे. ती सर्वांना लागू असली तरी लिहिताना डोळ्यांपुढे आमचे दाजी होते, हे आधीच सांगितलेले बरे. उगाच दुसऱ्या कुणी मनाला लावून घेऊ नये.

दाजी एरवी फार टापटिपीचे. रुमालालाही इस्त्री लागते. पट्टा तपकिरी तर बूट तपकिरीच. लग्नाला निघताना ताई तयार होऊन दारात उभी असते आणि हे आत अजून कोणत्या शर्टाखाली कोणती पँट, हे ठरवत असतात. असा हा गृहस्थ रात्रीची जेवणे आटोपून खेळायला बसला की त्याच्या हातून जो वीर घडतो, त्याला आमच्या सोसायटीचा वॉचमन आत सोडणार नाही.

कलम १ : वस्तूकडे पाहू नये, आकड्याकडे पाहावे.

सगळ्या विटंबनेचे मूळ इथे आहे. बहुतेक खेळांत चिलखताचे गुण आणि चिलखताचे रूप एकाच वस्तूला बांधलेले असतात. शिरस्त्राण एका गुहेत सापडते, विजार दुसऱ्या गावच्या सरपंचाकडून बक्षीस मिळते, हातमोजे कुणाच्या तरी प्रेतावरून काढलेले असतात. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी ठीक दिसते. पण खेळ ‘ही तुमच्याकडच्यापेक्षा बरी आहे’ एवढेच सांगतो आणि आपण ती चढवतो. अशा पाच-सहा शहाण्या निर्णयांची बेरीज आरशापुढे उभी राहिली की विदूषक होतो.

याचा सर्वांत मोठा सार्वजनिक प्रयोग जानेवारी २००७ मध्ये झाला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये लोकांनी तोवर चाळीस-चाळीस जणांच्या टोळ्या करून, आठवड्यामागून आठवडे एकाच राक्षसाला पुन्हापुन्हा मारून, एकसारख्या देखण्या पोशाखांचे संच जमवले होते. मग ‘द बर्निंग क्रूसेड’ आले आणि आउटलँडचे दार उघडले. आत पाऊल टाकताच हेलफायर पेनिन्सुलात किरकोळ कामांच्या बदल्यात मिळणारे कपडे त्यातल्या पुष्कळ मानाच्या वस्तूंना आकड्यांत मागे टाकू लागले. कंपनीच्या चित्रकारांनी ठरावीक नमुने वेगवेगळ्या रंगांत बुडवून वाटलेले, आणि प्रत्येक कामाचे बक्षीस वेगळ्या रंगातले. थोड्याच दिवसांत सगळे सर्व्हर नारिंगी खांदे, पोपटी छाती, गुलाबी विजार अशा मंडळींनी भरून गेले. मिरवणुकीतून पळालेला बँडवाला शोभावा असा एकेक योद्धा. खेळाडूंनी स्वतःच या प्रकाराला ‘क्लाउन सूट’ म्हणायला सुरुवात केली, आणि ज्याने ते म्हटले तोही नारिंगी खांद्यांतच होता.

पोटकलम : आपण पॅलाडिन असाल आणि काम जखमा भरण्याचे असेल, तर त्या काळी लोखंडी चिलखताचा हक्क असूनही कापडी झगा घालावा लागे. जखमा भरण्याचे आकडे झग्यांवर चांगले असत. धर्मयोद्धा गाउनमध्ये. यावर भाष्य नको.

पोटकलम : ज्यांना हे सगळे असह्य होते त्यांनी ड्रुइड व्हावे. ड्रुइड लढताना अस्वल होतो आणि अस्वलाच्या अंगावर कपडे दिसत नाहीत.

कलम २ : भाग जितके जास्त, तितकी शोभा जास्त.

मॉरोविंड या खेळात (२००२) डावा खांदा वेगळा, उजवा वेगळा. डाव्या हाताचा पंजा वेगळा, उजव्याचा वेगळा. एका खांद्यावर काच, दुसऱ्यावर हाड, असा माणूस गावात हिंडला तरी गावकरी त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत. त्याच मालिकेतल्या ऑब्लिव्हियनने (२००६) खांदे काढून टाकले आणि दोन्ही हातांची जोडी केली. स्कायरिमने (२०११) छाती आणि विजार एकत्र शिवून टाकली. म्हणजे नऊ वर्षांत आपल्याला चुकीचे कपडे घालण्याच्या संधी क्रमाक्रमाने कमी करत आणले. याला प्रगती म्हणतात. मला मॉरोविंडचा एक उपाय मात्र अजून आवडतो : आतला सगळा गोंधळ तसाच ठेवायचा आणि वरून एक लांब झगा चढवायचा. झग्याखाली बाकीचे जवळजवळ सगळे झाकले जाते. अनेक थोर माणसांनी प्रत्यक्षातही हेच केलेले आहे.

ऑब्लिव्हियनच्या वेळी घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला वेगळे विकायला काढले होते, हेही नोंदवून ठेवतो. त्या पैशांवरून जगभर बोंबाबोंब झाली. घोडा मात्र नखशिखांत एकाच संचात. वर बसलेला वीर कसा दिसत होता, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

कलम ३ : जादूगारांनी टोपी घालू नये.

ड्रॅगन एज : ओरिजिन्स (२००९) मधल्या टोप्या पाहिलेल्यांना कारण सांगायला नको.

कलम ४ : प्रसंग पाहून पोशाख करू नये.

इथे खरी कसोटी लागते. कथेतला मोठा प्रसंग आला की खेळ आपल्या हातातून सूत्रे काढून घेतो, कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो, व्हायोलिने वाजू लागतात, आणि आपण अंगावर जे चढवले असेल ते तसेच्या तसे पडद्यावर येते. द विचर ३ (२०१५) मध्ये नायक गेराल्टला सम्राटापुढे उभे करण्याआधी दरबारी लोक त्याची दाढी करवतात, चांगला डगला घालायला लावतात, मुजरा शिकवतात. इतकी दक्षता त्या खेळात पुन्हा क्वचितच कुणी घेते. दाजींचा गेराल्ट पुढे कित्येक गावे पार करून, जिला मुलगी मानले त्या सिरीपाशी पोचला, तेव्हा मी आणि ताई मागे सोफ्यावर बसलो होतो. धुक्यातले बेट, मिणमिणता उजेड, सिरी निपचित पडलेली. गेराल्ट आत येतो. वर काळे, चामड्याचे, भारदस्त. खाली फुगीर, पट्ट्यापट्ट्यांची विजार.

“अहो, निदान विजार तरी बदला,” ताई डोळे पुसत म्हणाली.

“अगं, वार लागला तर चार टक्के जास्त वाचवते ही,” दाजी नजर न हलवता म्हणाले.

ताईने उरलेले अश्रू तसेच ठेवले आणि आत जाऊन दुधाला विरजण लावले.

दाजींची बाजू घ्यायची तर त्यांच्याहून वाईट उदाहरणे आहेत. झेनोब्लेड क्रॉनिकल्समध्ये (२०१०) टोळीतला प्रत्येक जण काय घालतो ते गंभीर प्रसंगांत दिसायचे, आणि चांगल्या आकड्यांचे कपडे एकमेकांशी वैर धरून शिवलेले. त्यातला डनबन हा सर्वांत धीरगंभीर माणूस. त्याला असे एक कौशल्य मिळते की चिलखत घातलेच नाही तर चपळाई वाढते. म्हणून हिशेबी खेळाडू त्याला चड्डीवर ठेवत, आणि तो त्याच वेषात मानवजातीच्या भवितव्यावर बोलत असे. २०२० च्या नव्या आवृत्तीत रूप वेगळे आणि आकडे वेगळे ठेवायची सोय दिली. दहा वर्षे लागली त्याला कपडे मिळायला.

कलम ५ : काम बदलले की कपडे बदलावेत.

हे मात्र थट्टेत नाही, खरोखर उपयोगाचे आहे. स्कायरिममध्ये लोहारकाम सुधारणारे हातमोजे, हार, अंगठी असा एक वेगळा जोड मंतरून पेटीत ठेवावा. औषधे करताना वेगळा. दुकानात भाव करताना वेगळा. दुकानदारापुढे उभे राहून लढाईचे चिलखत काढायचे, चांगला भाव मिळवून देणारे दागिने घालायचे, माल विकायचा आणि पुन्हा चिलखत चढवायचे. दुकानदार यावर काहीही बोलत नाही.

आणखी एक. त्याच खेळात एकजात संच घालणाऱ्याला ‘मॅचिंग सेट’ या कौशल्याने संरक्षणात २५ टक्के वाढ मिळते, म्हणजे नीटनेटकेपणाला बक्षीस आहे. पण डोके, छाती, हात, पाय असे चारही भाग घातले आणि पडद्यावरचा आकडा ५६७ ला पोचला की अंगावर येणारा मार ८० टक्के कमी होतो, आणि तिथेच मर्यादा संपते. त्यापुढचा प्रत्येक आकडा वाया. तेव्हा ५६७ गाठल्यावर माणसाने हवे ते, शोभेल ते, आवडेल ते घालावे. दाजींचा आकडा हजाराच्या घरात होता. मी हे त्यांना सांगितले. ते म्हणाले, “असू दे, राहील गाठीला.”

कलम ६ : वजन सांभाळावे, मग लाज.

डार्क सोल्समध्ये (२०११) अंगावरचे वजन आपल्या क्षमतेच्या २५ टक्क्यांच्या आत असेल तर चपळ कोलांटी मारता येते; ५० पर्यंत मध्यम; त्यापुढे पोते पडावे तसे पडता येते. त्यामुळे लोक आधी विजार काढतात. मग हातमोजे. शेवटी डोक्यावर भले थोरले काहीतरी आणि खाली जवळपास काहीच नाही, अशा थाटात देवांशी लढायला जातात. एल्डन रिंगमध्ये (२०२२) ही परंपरा कळसाला पोचली. ‘लेट मी सोलो हर’ या नावाचा खेळाडू डोक्यावर रांजण आणि कमरेला लंगोटी एवढ्यावर, इतरांना अशक्य झालेल्या मलेनिया या शत्रूला त्यांच्यासाठी एकट्याने मारून देत असे. खेळाच्या प्रकाशकांनी त्याला खरी तलवार भेट पाठवली.

याच डार्क सोल्समध्ये कॅटरिनाचे सरदार आहेत. चिलखत गोल, गरगरीत, वर निमुळते. बघणारे त्याला कांदा म्हणून चिडवतात. त्यातला सीगमायर जागोजागी अडकून बसलेला भेटतो, ‘हं... हं...’ करत विचार करत असतो, आणि प्रत्येक वेळी आपल्याला बघून मनापासून खूश होतो. त्या काळोख्या, सडलेल्या दुनियेत इतका सभ्य माणूस दुसरा नाही. आणि वस्तूचे वर्णन नीट वाचले तर कळते की त्या गोलाईवरून वार घसरून जातात. संपूर्ण खेळातल्या सर्वांत हास्यास्पद कपड्यांमागे कुणीतरी डोके चालवलेले आहे. हे वाचल्यापासून मी कांदा म्हणणे बंद केले.

कलम ७ : सुटका.

नोव्हेंबर २०११ मध्ये वॉरक्राफ्टने ‘ट्रान्समॉग’ आणले : आकडे नव्या वस्तूचे, रूप जुन्या वस्तूचे. सुरुवातीला जुनी वस्तू जवळ बाळगावी लागे, म्हणून लोकांच्या तिजोऱ्या जुन्या विजारींनी भरल्या. २०१६ पासून तेही नको. एकदा मिळालेले रूप कपाटात कायमचे जमा. फायनल फँटसी १४ मध्ये अशाच सोयीला ‘ग्लॅमर’ म्हणतात, आणि तिथले निष्ठावंत सांगतात की खेळ संपल्यावर उरतो तो एवढाच खेळ.

झाले ते बरेच झाले. पण आता चौकात उभे राहिले तर सगळे एकाहून एक देखणे, काळे-सोनेरी, खांद्यांवर ज्वाळा. कोण काल आला, कोण दहा वर्षे घासतोय, काही कळत नाही. पूर्वी आउटलँडमधल्या शॅट्राथ शहराच्या चौकात समोरच्याचे खांदे बघून तो कोणत्या दलदलीतून आला ते सांगता यायचे, विजार बघून कुणाचे काम केले ते, आणि टोपी बघून त्याला कुणी मित्र नाहीत हेही. त्या पोपटी छातीमागे एक अख्खी दुपार असायची. दाजींना ट्रान्समॉग दाखवले तेव्हा त्यांनी किंमत विचारली, ऐकली, आणि “दिसण्यासाठी पैसे?” म्हणून खिडकी बंद केली. अंगात तेव्हा त्यांच्या स्टार्च केलेला पांढरा झब्बा होता.

हल्ली ते बाल्डर्स गेट ३ खेळतात. त्यांच्या पुरोहिताच्या डोक्यावर एक अवाढव्य शिंगवाले शिरस्त्राण आहे आणि त्यातून गेले कित्येक दिवस कुणालाही त्या बिचाऱ्या बाईचा चेहरा दिसलेला नाही. आकडे तसेच ठेवून शिरस्त्राण लपवायचे एक छोटे बटण त्या खेळात पोशाखाच्या पानावरच आहे. दाजींना ते अजून सापडलेले नाही. वाचकांपैकी कुणी त्यांना ओळखत असल्यास कृपया सांगू नये.