बारा व्होल्ट आणि एकशे पाच टीएमसी

माझ्या मामांची गाडी 1998 सालची आहे. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण कंपनीचा यात काहीच दोष नाही. तिने आपलं काम 1998 साली चोख केलं होतं. त्यानंतरचं सगळं मामांनी केलं. पंधरा वर्षांनी नोंदणीची मुदत संपली तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, आता काढून टाका. मामा आरटीओत गेले, पर्यावरण कर भरला आणि पाच वर्षं वाढवून घेऊन आले. ती पाच संपल्यावर आणखी पाच. "मला निवृत्तीच्या वेळी कुणी मुदतवाढ दिली नाही. गाडीला देतायत तर घ्यायला काय हरकत आहे?" असा त्यांचा सवाल असतो.

मामा वीज मंडळातून निवृत्त झाले. आयुष्य 220 केव्हीच्या लाइनखाली गेल्यामुळे बारा व्होल्टला ते वीजच मानत नाहीत. "हाताला लावली तरी कळत नाही, ती कसली वीज!" त्यामुळे गाडीतल्या विजेच्या तक्रारींकडे त्यांनी कधी गांभीर्याने पाहिलं नाही. आणि तक्रारी भरपूर होत्या. रात्री दिवे लावले की टाकीतलं पेट्रोल वाढायचं. निदान काटा तरी तसं म्हणायचा. इंडिकेटर दिला की डॅशबोर्डवरचे झाडून सगळे दिवे त्याच्या तालावर उघडझाप करायचे. वायपर चालू असताना ब्रेक दाबला की वायपर क्षणभर विचारात पडायचा. स्टिअरिंग डावीकडे पुरतं वळवलं की हॉर्न आपोआप वाजायचा. दोन-तीन रात्री गाडी नुसती उभी राहिली तरी बॅटरी उतरायची. म्हणून मामा रोज रात्री जेवण झालं की दहा नंबरचा पाना घेऊन खाली जायचे आणि बॅटरीचं टर्मिनल सोडून ठेवायचे. शेजाऱ्यांना वाटायचं, मामा शतपावली करतात.

मामींच्या भाचीचं डोहाळजेवण गुहागरला ठरलं, तेही ऐन जुलैत. कराडहून पाटण, हेळवाक, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून गुहागर. मामींनी एकदाच विचारलं, "एसटीनं जाऊया का?" मामांनी उत्तर दिलं नाही. ते तडक जाऊन नवी बॅटरी घेऊन आले.

गाडी मी चालवायची, मामांनी माझ्या डावीकडे बसून चालवायला शिकवायची आणि मामींनी मागे बसून दोघांना ऐकायचं, अशी वाटणी झाली. मामींनी आपली पैठणी एकावर एक दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून मांडीवर घेतली. "डिकीत ठेव की," मामा म्हणाले. मामींनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. मामांनी आपली रेशमी झब्ब्याची बॅग मात्र बाणेदारपणे डिकीत ठेवली.

कराड सोडलं तेव्हा उघडीप होती. मल्हारपेठेपर्यंत पावसाने नुसती चौकशी केली, पाटण ओलांडल्यावर मुक्कामाला आला. या भागातला पाऊस पेपरात रोज छापून येतो: कोयना इतके मिलिमीटर, नवजा इतके, महाबळेश्वर इतके. आमच्या गाडीत किती झाला ते कुणी छापत नाही. मामांच्या पायाशी पाणी साठायला लागलं होतं. चढ लागला की ते सीटखालून मामींकडे जायचं, उतार लागला की परत मामांकडे यायचं. काचा आतून धुरकटल्या. मामा रुमालाने काच पुसत मला रस्ता सांगत होते, आणि त्यांनी सांगितलेला रस्ता बहुतेक वेळा तिथेच असायचा.

"कोयनेची गंमत बघ," पाय वर घेऊन बसत मामा म्हणाले. "ही नदी महाबळेश्वरहून निघते, दक्षिणेला जाते, हेळवाकला पूर्वेकडे वळते, कराडला कृष्णेत शिरते. म्हणजे पाणी कुठं जायचं? बंगालच्या उपसागराला! पण धरण बांधलं, एकशे पाच टीएमसी पाणी अडवलं, डोंगरातून बोगदा काढला आणि तेच पाणी पश्चिमेला पोफळीला आणून वीज केली. आता ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. याला म्हणतात इंजिनिअरिंग!"

"इथं पाणी तुमच्या पायाशी पडतं आणि माझ्या पायाशी निघतं," मागून मामी म्हणाल्या. "त्याला इंजिनिअरसुद्धा लागला नाही."

हेळवाकला चहासाठी थांबलो. चहा उत्तम होता. परत येऊन किल्ली फिरवली तर बॉनेटखालून फक्त 'टक्' असा आवाज आला. पुन्हा किल्ली, पुन्हा टक्.

महाराष्ट्रात बंद पडलेल्या गाडीला धक्का मारायला माणसं उशिरा येतात, निदान करायला लगेच येतात. टपरीवर बसलेले सगळे छत्र्यांसह भोवती जमले. एकाच्या मते कार्बोरेटर, दुसऱ्याच्या मते प्लग. तिसऱ्याने सरळ विचारलं, "पेट्रोल हाय का?" मामा म्हणाले, "आहे की! थांबा, दिवे लावून दाखवतो." दिवे लावले, काटा वर गेला, तिसरा गृहस्थ गप्प झाला. हॉर्नही वाजत होता. "बॅटरीवाल्यानं फसवलं," असा निकाल मामांनी दिला. कोणीतरी कोयनानगरच्या वायरमनला फोन लावला.

तो येईपर्यंत मामी स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी आधी पायातलं पाणी बोटावर घेऊन हुंगलं. "रेडिएटरचं नाही. त्याला गोडसर वास येतो आणि हाताला बुळबुळीत लागतं. हे पावसाचंच आहे." मग पर्समधून पावडरचा डबा काढला आणि डॅशबोर्डखालच्या पत्र्याची डावी बाजू जुन्या फडक्याने कोरडी करून त्यावर भरपूर पावडर उडवली. मामा अवघडून इकडेतिकडे पाहू लागले. "अगं, गाडीला पावडर काय लावतेस?"

"माझं माहेर कौलारू आहे," मामी म्हणाल्या. "घरात पाणी टपकतं तिथं वरचं कौल फुटलेलं नसतं. कौल फुटतं आढ्याशी, पाणी वाशावरून घसरत येतं आणि टपकतं चुलीवर. चुलीवरची कौलं बदलत बसलं तर सगळं छप्पर बदलून होतं, तरी गळायचं थांबत नाही. पाणी कुठं पडतं ते बघायचं नाही, कुठून आलं ते बघायचं."

पाच मिनिटांत पावडरीवर एक बारीक ओली रेघ उमटली. ती वरून, पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्याच्या अंगाने आली होती आणि मामांच्या डाव्या पायाजवळ चटईखाली गडप होत होती. दार कोरडं होतं, काचेचं रबर कोरडं होतं. गेल्या पावसाळ्यात मामांनी या दोन्हींवर मिळून एम-सीलचे किती पुडे थापले होते, त्याची चर्चा मामींनी तिथेच केली.

वायरमन विशीतला पोरगा निघाला. मोटारसायकल लावली, रेनकोटच्या खिशातून मीटर काढला, बॅटरीला लावला. बारा पूर्णांक पाच.

"बॅटरी चांगली हाय, काका. नवी घेतली का? कशापायी?"

"जुनी उतरायची म्हणून."

"का उतरत हुती ते बघितलं न्हाई?"

मामांनी वीज मंडळातल्या हुद्द्याचा उल्लेख केला. पोराने आदराने मान हलवली आणि मला किल्ली मारायला सांगितलं. टक्. बॅटरीचे व्होल्ट जागचे हलले नाहीत. मग त्याने मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या लोखंडाला लावलं. पुन्हा किल्ली. हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवा. मीटरने नऊच्या वर दाखवला.

"अर्थ गेलाय," पोरगा म्हणाला. "जानारी वायर समदी बघत्यात. परत येनारी कोनी बघत न्हाई."

मोटारीत विजेला जायला तार असते. परत यायला बहुतेक ठिकाणी गाडीचा पत्राच वापरतात. इंजिनाला, पत्र्याला आणि बॅटरीला जोडणारी जी पट्टी असते, ती गंजली की दिव्याला लागणारे चार-पाच अँपिअर कसेबसे परत येतात. स्टार्टरला शंभराच्या वर लागतात, ते येत नाहीत. म्हणून दिवे लागतात, हॉर्न वाजतो आणि इंजिन 'टक्' म्हणून गप्प बसतं. पोराने एक जाड केबल बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट इंजिनावर टेकवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. टपरीवरून टाळ्या आल्या. मामांनी त्या स्वीकारल्या.

पट्टी हिरवी पडली होती. नवी लावून, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासून, बोल्ट आवळून त्यावर ग्रीस फासलं. तरीही इंडिकेटर दिला की डॅशबोर्ड नाचतच होता. "ह्याचा अर्थ येगळा असतोय," म्हणत पोरगा डाव्या बाजूला वाकला आणि त्याचं लक्ष पावडरीतल्या रेघेकडे गेलं. "ही कुनी केली?"

"मी," मामी म्हणाल्या.

त्याने रेघ जिथे संपत होती तिथली चटई उचलली. खाली डॅशबोर्डच्या सगळ्या काळ्या तारा एका स्क्रूला बांधल्या होत्या आणि तो स्क्रू पाण्यात बुडालेला होता. डॅशबोर्डच्या विजेला परतीचा धड रस्ताच उरला नव्हता, म्हणून ती सापडेल त्या दिव्यातून, सापडेल त्या काट्यातून वाट काढत होती. पेट्रोल वाढायचं ते त्यामुळे. वायपरचा विचारीपणाही त्यातलाच.

आता उगम. बॉनेट उघडून पुढच्या काचेखालची जाळी काढली, तर आत पानांचा कुजून झालेला काळा लगदा. काचेवरून उतरलेलं पाणी त्या खोलगट भागात येतं आणि दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांतून चाकामागे पडतं. डावं भोक बुजलं होतं, म्हणून पाणी चढून हवेच्या मार्गाने आत येत होतं. पानं बकुळीची होती. उन्हाने रंग उडू नये म्हणून मामा गाडी वर्षानुवर्षं बकुळीखाली लावतात. रंग खरोखरच अजून चांगला आहे.

पोराने सायकलच्या स्पोकने भोक मोकळं केलं. आतलं पाणी काढायला गाडीच्या तळाचं रबरी बूच खालून खेचलं आणि मामांच्या पायाखालचा जलाशय हेळवाकच्या रस्त्यावर रिकामा झाला.

"लेक टॅपिंग!" मामांच्या तोंडून निघालं. कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी 1999 साली शिवसागर जलाशयाच्या तळाला खालून भोक पाडून पाणी बोगद्यात घेतलं होतं, ती गोष्ट मग त्यांनी जमलेल्या सगळ्यांना सांगितली. ती सगळ्यांना आधीच ठाऊक होती. हेळवाकची माणसं होती ती. पण ऐकून घेतली.

राहिला प्रश्न बॅटरी रात्रीत कोण पितं याचा. सगळं बंद करून पोराने मीटर बॅटरी आणि तिच्या तारेच्या मध्ये लावला. झोपलेल्या गाडीने पन्नास मिलिअँपिअरच्या आत ओढावं. ही चारशेच्या वर ओढत होती. तो एकेक फ्यूज काढत गेला. एक काढल्याबरोबर आकडा वीसवर आला. तो आतल्या दिव्यांचा फ्यूज होता, पण आत एकही दिवा लागलेला नव्हता.

"डिकीतला असंल," पोरगा म्हणाला. "पन डिकी लावल्यावर आत दिवा चालू हाय का बंद, हे बघायचं कसं?"

मामींनी मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला, फोन डिकीत ठेवला आणि झाकण लावलं. अर्ध्या मिनिटाने काढून सगळ्यांनी चित्रपट पाहिला. झाकण बंद झालं तरी दिवा लख्ख तेवत होता आणि त्याच्या प्रकाशात मागच्या दिव्याच्या कुजलेल्या रबरातून एकेक थेंब ठिबकत होता: आधी झाकणाच्या स्विचवर, तिथून मामांच्या बॅगेवर. स्विच गंजून चालूच राहिला होता. पाच वॅटचा दिवा जवळपास अर्धा अँपिअर खातो. चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी तो चार दिवसांत संपवतो आणि म्हातारी असेल तर दोन रात्रींत. दिव्याचा बल्ब काढून पोराने मामांच्या हातात दिला. नव्या बॅटरीचे चार हजारांवर गेले होते. पोराने मजुरी दोनशे घेतली. मामांनी नोटा मोजून दिल्या आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

कुंभार्ली घाट धुक्यात उतरलो. वायपर निष्ठेने फिरत होते, काटे जागच्या जागी होते. डावीकडच्या प्रत्येक कडक वळणावर हॉर्न मात्र आपोआप वाजत होता, कारण स्टिअरिंगखालची घासलेली तार पाहायची राहिली होती. मामा म्हणाले, "घाटात वळणावर हॉर्न द्यावा असा नियमच आहे. ते राहू दे." पोफळी आली. डोंगराच्या पोटातल्या वीजघराकडे हात करून मामा म्हणाले, "कोयनेची सगळी मिळून 1960 मेगावॉट!" पाण्यापासून वीज करणारा एवढा मोठा प्रकल्प शेजारी असताना पाण्याने वीज घालवणारी आमची गाडी तिथून निमूटपणे गेली. चिपळूणला वाशिष्ठी भरून वाहत होती. 2021 च्या जुलैत याच शहरात गाड्या छपरापर्यंत बुडाल्या होत्या. पुरात भिजलेली गाडी धुऊन पुसून विकायला येते तेव्हा वरून छान दिसते. घेणाऱ्याने चटई उचलून काळ्या तारांचा स्क्रू पाहावा.

गुहागरला पोचलो तेव्हा मामींची पैठणी कडकडीत कोरडी होती. मामा डोहाळजेवणाला मेव्हण्याच्या झब्ब्यात बसले. तो त्यांना आखूड होत होता.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी असेल त्यांना एवढंच सांगणं: मे महिन्यात काचेखालची जाळी साफ करा, दारांच्या खालच्या कडेची भोकं काडी घालून मोकळी करा, चटई उचलून खाली हात फिरवा आणि अर्थचे सगळे बोल्ट घासून आवळा. हे सगळं झाल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नका. जे चार हजार वाचतील, त्यांचा हिशेब घरात कुणाला द्यायचा ते तुम्हाला ठाऊक आहेच.