चुकायची मुभा

नंदुरबारच्या कचेऱ्यांत दिवसभर कुणालाही ‘येत नाही’ असं काही नसतं. परिपत्रक कळलं नाही तर मार्गदर्शन मागवतात, फाईल कळली नाही तर ती चर्चेसाठी ठेवतात. ‘मला येत नाही’ एवढं सरळ बोलायला संध्याकाळी कॉम्प्युटर क्लासची पायरी चढावी लागते आणि वर फीही भरावी लागते.

आमचा जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो 1 जुलै 1998 ला. बहुतेकांच्या वेतनवाढीची तारीखही 1 जुलैच, त्यामुळे जिल्ह्याचा वाढदिवस सहसा कुणी विसरत नाही. 2001 मध्ये एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा आली. पुढे ती पास झाल्याशिवाय वेतनवाढ नाही म्हटल्यावर ज्ञानाची ओढ एकदम वाढली.

संध्याकाळच्या बॅचला गुरुजी असतात, ग्रामसेवक असतात, आणि आस्थापना शाखेतले एक अप्पाही. शेजारच्या खुर्चीत त्यांच्याच कचेरीतला शिपाई. त्याला लिपिक व्हायचंय, म्हणून मराठी टायपिंग, मिनिटाला तीस शब्द. शिकवणारी मुलगी अप्पांच्या लेकीच्या वयाची. “अप्पा, काय करी ऱ्हायनात?” असं तिने विचारलं की कचेरीला धाकात ठेवणारे अप्पा माऊसवरचा हात चटकन मागे घेतात. हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत असते. वारा फिरला की अख्खी बॅच शिंकते आणि त्या धक्क्याने कुणाचं तरी पत्र भलत्याच फोल्डरात जाऊन पडतं.

गंमत म्हणजे, अप्पांनी पन्नाशी ओलांडलेली. नियमाने त्यांना सूट आहे. पास झाले तरी पगारात दमडीची भर नाही. तरी ते येतात. मला वाटतं, त्यांना ‘अनडू’ची गोडी लागलीय. कचेरीत हुद्दा वाढत जातो तशी चुकायची मुभा कमी होत जाते. एकदा सही मारली की मारली. इथे दोन बटणं दाबली की केलेलं निस्तरतं, आणि कारणे दाखवा नोटीसही येत नाही. नोकरीत वर चढण्यासाठी म्हणून माणसं क्लासला येतात, पण त्यांना खरा विसावा मिळतो तो तासभर खालच्या पायरीवर बसण्यात.

अप्पांचं घोडं अडतं ते मात्र वेलांटीपाशी. त्यांचा हात जुन्या टाइपरायटरवर बसलेला. तिथे ‘कि’ उमटवायचा तर आधी वेलांटी, मग क. संगणकाच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर क आधी दाबायचा, वेलांटी नंतर. तरी पडद्यावर ती क च्या अलीकडे जाऊन उभी.

“मागून आली आणि पुढे उभी?” आस्थापनेतला माणूस तो, सेवाज्येष्ठता डावललेली त्यांना कशी खपावी? “हिची बढती कोणत्या नियमाने झाली?”

शिपायाने पडद्यावरची नजर न हलवता सांगितलं, “टायपिंग पास झाली असंल, अप्पा.”