जरा जास्तच एकमेव

इंग्रजीच्या मास्तरांना ‘युनिक’ हा शब्द फार दिवसांपासून छळतो आहे. लॅटिनमधल्या ‘एक’ या शब्दाच्या कुळातला हा शब्द फ्रेंचमार्गे सतराव्या शतकात इंग्रजीत आला. अर्थ सरळ: ज्याच्यासारखं दुसरं नाही ते. पण एकोणिसाव्या शतकात तो लोकांच्या तोंडी रुळला आणि ‘व्हेरी युनिक’, ‘मोअर युनिक’ सुरू झालं.

हेन्री फाउलर यांनी १९२६ साली ‘अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज’मध्ये या शब्दाची चक्क पथ्यं लिहून दिली. ‘ऑलमोस्ट’ चालेल, ‘परहॅप्स’ चालेल. ‘व्हेरी’, ‘मोअर’ आणि ‘रादर’ वर्ज्य. एखादी वस्तू एकमेव होता होता राहू शकते, पण एकदा झाली की आणखी एकमेव होत नाही, असा त्यामागचा हिशेब. रोग्याने पथ्य पाळलं नाही. शेवटी मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी कोशाने ‘असाधारण’ हाही अर्थ नोंदवून टाकला.

इकडच्या शुद्धिवाद्यांनी मात्र यावर हसू नये. ‘श्रेष्ठ’ हे संस्कृतात मुळातच शेवटच्या पायरीवरचं विशेषण. त्याच्या वर जायला जागाच नाही. ‘ज्येष्ठ’ आणि ‘कनिष्ठ’ त्याच बिरादरीतले. ‘उत्तम’मधला ‘तम’ तर आंधळ्यालाही दिसावा. तरी आपलं ‘सर्वश्रेष्ठ’, ‘सर्वात ज्येष्ठ’ आणि ‘अतिउत्तम’ बिनदिक्कत चालू असतं. ‘श्रेष्ठतम’ तर शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात आहे. आता तक्रार कोणाकडे न्यायची?

बाजारात तर आनंदच आहे. तालुक्याच्या गावी युनिक टेलर्स, युनिक मोबाइल आणि युनिक क्लासेस एकाच रस्त्यावर सुखाने नांदतात. बारशाच्या आधी आईबाप रात्ररात्र मोबाइलवर ‘युनिक नाव’ शोधतात. सगळ्यांना एकच यादी सापडते. चार वर्षांनी नर्सरीच्या हजेरीपटावर ‘अद्विक के.’ आणि ‘अद्विक पी.’ शेजारी शेजारी असतात, आणि बाईंना हाक मारताना आडनावाचं अक्षर जोडावं लागतं.

शब्दाची लाज राखली ती सरकारने. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. बारा आकडे, एकाचे दुसऱ्याला नाहीत. आता जमिनीच्या तुकड्यालाही चौदा अंकी भू-आधार आहे आणि हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक, पण सराफाच्या भिंगाखाली प्रत्येक अंगठीचा वेगळा. खुद्द आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या मराठी नावात मात्र ‘युनिक’चं ‘विशिष्ट’ झालं आहे, म्हणजे माणूस एकमेव नाही, जरा वेगळा इतकंच. खिडकीवरच्या साहेबांना तेवढंही पुरत नाही. आपल्यासारखे आपणच, हे सिद्ध करायला त्यांना आधारच्या दोन झेरॉक्स लागतात, दोन्हींवर सही करून.

आणि पुण्याने हे सगळं इंग्रजीविना कधीच सोडवून ठेवलं आहे. ‘आमची कोठेही शाखा नाही’ या पाटीत ना ‘व्हेरी’ बसतं ना ‘मोअर’. फाउलरसाहेबांनी ती पाटी पाहिली असती तर ‘युनिक’वरचा परिच्छेद खोडून तीच छापली असती. अडचण एकच, मालकांना मुलगे असतात. वाटण्या होतात, दुकानाच्या मधोमध भिंत उठते, एका गाळ्यावर जुनं नाव राहतं, दुसऱ्यावर त्याच नावामागे ‘ओरिजिनल’ चढतं. पेंटर एकच असतो. तो दोन्ही दारांवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ रंगवतो आणि दोन्ही भावांकडून पैसे घेतो. कागदोपत्री पाहिलं तर दोन्ही पाट्या अगदी खऱ्या असतात.