सर्वांना फुल कंट्रोल

प्रत्येक ऑफिसात एक भाऊ असतो. नेमणूक आवक-जावकला, पण सापडतो तो कायम दुसऱ्याच्या टेबलाखाली, वायरींच्या जंजाळात. सगळे त्याला भाऊ म्हणतात. प्रिंटर अडला की साहेबसुद्धा.

भाऊचा खरा मोसम 31 मे नंतरचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांची जन्मतारीख 1 जून ठोकून दिली, ते सगळे त्या दिवशी शाल-नारळ घेऊन घरी जातात आणि त्यांचे कॉम्प्युटर दुसऱ्यांच्या गळ्यात पडतात. नव्या मॅडम लॉगिन करतात. पडद्यावर नाव त्यांचं, पण सी ड्राइव्हच्या यूजर्समध्ये फोल्डर अजून निवृत्त हेडक्लार्कच्याच नावाचं. ‘‘खात्याचं नाव बदललं तरी फोल्डरचं बदलत नाही, मॅडम,’’ भाऊ सांगतो. ‘‘सातबाऱ्यावर तुम्ही चढलात, पण वहिवाट त्यांचीच.’’

तोवर कुणीतरी शहाणपणा करून दुसरं एक जुनं खातं उडवलेलं असतं आणि त्याच नावाचं नवं काढलेलं असतं. फाइल उघडायला जावं तर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. भाऊ मिशीत हसतो. विंडोज नावाला भीक घालत नाही. ती बघते एस-1-5-21 ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक, आणि नव्या खात्याला तो नवाच मिळतो. कधी ‘टेम्पररी प्रोफाइल’ उगवतं. त्यात डेस्कटॉपवर दिवसभर साठवलेलं सगळं लॉगऑफ करताच स्वाहा! भाऊ रजिस्ट्रीत शिरतो, ‘प्रोफाइललिस्ट’ गाठतो आणि त्या क्रमांकाच्या शेपटाला चिकटलेलं ‘.बॅक’ बघून म्हणतो, ‘‘हं, इथं पाणी मुरतंय.’’

आणि एवढं कळणारा हा गृहस्थ शेवटी करतो काय? प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ‘एव्हरीवन’, ‘फुल कंट्रोल’, ओके. ‘‘झालं. चहा सांगा.’’

मॅडम खूश, साहेब खूश. पुढे कधीतरी पेन्शनच्या प्रकरणांचा अख्खा फोल्डर गायब होतो. हात कुणी लावला? कुणीही लावला असेल. उन्हाळ्यापुरत्या आलेल्या प्रशिक्षणार्थी पोरालाही तो पुसायची मुभा होती. पुन्हा भाऊलाच हाक.

मला तरी भाऊचा राग येत नाही. जुन्या फाइली नीट बाजूला काढायच्या, नवं खातं उघडायचं, ज्याला लागेल त्यालाच आणि लागेल तेवढीच परवानगी द्यायची, हे त्याला येतं. त्याला अख्खी दुपार लागते, आणि साहेब म्हणतात, ‘‘पाच मिनिटांत करून दे रे.’’ तिकडे आवकेचं रजिस्टर आठवडाभर कोरं.

तेव्हा कुणाचा जुना कॉम्प्युटर तुमच्या वाट्याला आला, तर साहेबांकडून भाऊची एक दुपार मागून घ्या. आणि त्याचा बाण ‘एव्हरीवन’कडे सरकताना दिसला, की सरळ त्याच्या हातातला माऊस काढून घ्या.